सापडेल असं लिहिणं

नवी वेबसाइट सुरू झाली की मालक पहिलं काम काय करतो? गुगलवर स्वतःच्याच व्यवसायाचं नाव टाकून बघतो. नाव सगळ्यात वर दिसतं, मालक खूश होतो आणि डिझायनरचं उरलेलं बिल चुकतं होतं. पण ज्याला तुमचं नाव माहीत आहे तो कसाही तुमच्यापर्यंत पोचलाच असता. वेबसाइटवर पैसे घातले ते ज्याला नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी. देवगडच्या एखाद्या बागायतदाराने हापूस घरपोच विकायला साइट काढली, तर पुण्यातलं गिऱ्हाईक त्याचं नाव टाकत बसत नाही. ते ‘देवगड हापूस ५ डझन पेटी भाव’ असं काहीतरी टाकतं, बहुधा घाईत आणि पुष्कळदा रोमन लिपीत. त्या शोधात आपला बागायतदार तिसऱ्या पानावरही नसतो. मग कोणीतरी ‘एसईओ’, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, विकायला येतो: महिन्याला अमुक हजार आणि पहिल्या पानाची हमी. या कामाभोवती गूढतेचं बरंच वलय तयार केलेलं आहे. माझ्या मते ते मुळात संपादकाचं काम आहे. कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, ते कोणाच्या शब्दांत द्यायचं, कोणत्या पानावर द्यायचं आणि काय गाळायचं, हे ठरवण्याचं. तांत्रिक भाग आहेच, पण तो एकदा नीट लावून वर्षातून एक-दोनदा तपासण्याएवढाच.

हे पटायला यंत्र नेमकं काय करतं ते बघावं लागेल. गुगलबॉट हा प्रोग्राम लिंकच्या वाटेने एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, मजकूर उचलतो आणि त्याची सूची तयार होते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी ‘अमुक शब्द, पृष्ठे १२, ८७, २४०’ अशी शब्दसूची असते ना, तशीच ही, फक्त अब्जावधी पानांची. तुम्ही शोध टाकता तेव्हा गुगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळायला निघत नाही. आधी करून ठेवलेली ही सूची चाळतं. जे पान सूचीत नाही ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने जगातच नाही. सूचीत असलेल्यांपैकी वर कोणाला ठेवायचं हा पुढचा प्रश्न. १९९०च्या दशकातली अल्टाव्हिस्टासारखी इंजिनं मुख्यतः पानातले शब्द बघत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याला जोड दिली: या पानाकडे इतर कोणती पानं बोट दाखवतात तेही मोजायचं. ज्या शोधनिबंधाचा हवाला इतर अभ्यासक वारंवार देतात तो निबंध वजनदार, हा विद्यापीठांतला जुना निकष त्यांनी वेबला लावला. आज गुगल कितीतरी जास्त गोष्टी बघतं, पण पाया या दोनच गोष्टींचा आहे. पानात काय लिहिलंय, आणि इतरांना ते पान हवाला देण्याजोगं वाटतं का.

या दोन्ही गोष्टी न लिहिता, न कमावता मिळवायच्या खटपटी पहिल्यापासून झाल्या, आणि त्यांचं पुढे काय झालं हाच माझ्या म्हणण्याचा मोठा पुरावा. पानाच्या अदृश्य भागात ‘कीवर्ड’ भरण्याची एक जागा असते. तिथे एकच शब्द शंभरदा कोंबण्याची प्रथा इतकी बोकाळली, की ती जागा आपण क्रमवारीसाठी बघतच नाही असं गुगलने २००९ साली जाहीर करून टाकलं. (ती भरून देण्याचे पैसे अजूनही घेतले जातात, हा भाग वेगळा.) २००६च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटला गुगलने काही दिवस सूचीतूनच काढलं, कारण यंत्रासाठी शब्दांनी ठासलेली वेगळी पानं ठेवून माणसांना भलत्याच पानावर नेलं जात होतं. २०११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कित्येक शोधांत ही कंपनी पहिली येत होती, ती काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो साइटींवर पेरलेल्या हजारो लिंकांच्या जोरावर. गुगलने कारवाई केल्यावर प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्यावर गेली. आपल्याला काही माहीत नव्हतं असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसईओ सल्लागार संस्थेला काढून टाकलं. सल्लागार गेला, पण क्रमांक घसरला तो कंपनीचा. त्याच वर्षी ‘पांडा’ या बदलाने उचलेगिरीच्या आणि पोकळ पानांना खाली ढकललं, २०१२मध्ये ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंकांना. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे पचलं नाही ते महिन्याला काही हजारांत आपल्याला पचेल असं मानण्याला आधार नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवलंय.

मराठी साइटींचा प्रश्न मात्र फसवेगिरीपर्यंत पोचतच नाही. तो बराच आधी, वाचता येण्यापाशी अडतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण आपला छपाईचा व्यवहार त्यानंतरही पुष्कळ वर्षं श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या स्वतंत्र फाँटांवर चालला. अशा फाँटात पडद्यावर ‘आंबा’ दिसतो, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. यंत्र आकार वाचत नाही, साठवलेले संकेत वाचतं, त्यामुळे तो आंबा ‘आंबा’ म्हणून शोधणाऱ्याला सापडणं शक्यच नसतं. आज नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप होतो हे खरं. पण व्यवसायाचं माहितीपत्रक छापखान्यातून जुन्या फाँटात येतं, ते साइटवर चिकटवलं की अगम्य चिन्हांचा ढीग होतो, आणि मग सोपा उपाय म्हणून त्याचा फोटोच टाकला जातो. भाव, पत्ता, फोन, पेटीतले आंबे किती, सगळं एका रंगीत जाहिरातीच्या चित्रात. चित्रातली अक्षरं ओळखायची थोडीफार क्षमता यंत्रांना आली असली, तरी महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका, मजकूर म्हणूनच लिहा, हाच गुगलचा सल्ला आहे. आपल्या साइटवरचा भाव माउसने निवडून कॉपी करता येतो का, एवढी परीक्षा यासाठी पुरते. आणखी एक बारीक गोष्ट. नावात ‘ॲग्रो’ असेल तर त्यातला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे संकेत. ‘खऱ्या’मधल्या ऱ्याचीही तीच गत. संपूर्ण साइटवर एकच पद्धत पाळावी.

मजकूर वाचता आला की खरं संपादन सुरू होतं. बागायतदाराच्या साइटवर साधारण काय असतं? ‘आमच्याविषयी’ नावाचं पान, त्यात निसर्गरम्य कोकण, तीन पिढ्यांची परंपरा आणि ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. यातलं एकही वाक्य कोणी शोधत नाही. लोक काय शोधतात? पेटी किती डझनांची, फळ किती ग्रॅमचं, पुण्या-मुंबईला किती दिवसांत पोचतं, कच्चं पाठवता की पिकलेलं, घरी अढी कशी लावायची, आणि आंबा कापल्यावर आत साका निघाला तर काय. हा साक्याचा प्रश्नच घ्या. फळ बाहेरून निर्दोष दिसतं, कापलं की आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट. हा अनुभव आलेला माणूस पुढच्या वर्षी पैसे देण्यापूर्वी नक्की शोधाशोध करतो. ‘हापूसमध्ये साका का होतो’ या मथळ्याचं एक पान बागायतदाराने लिहावं. फळ ८०-८५ टक्के तयार झाल्यावर का उतरवायचं, उतरवलेली फळं तापलेल्या जमिनीवर न टाकता सावलीत का न्यायची, आणि एवढं करूनही साका निघाला तर आपण पैसे परत देतो की फळं बदलून, हे त्यात सरळ सांगितलं, तर ते पान दलालाला किंवा मोठ्या ॲपला लिहिता येणार नाही. तसंच दुसरं पान भौगोलिक मानांकनाचं. कोकणच्या हापूसला ते २०१८ साली मिळालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे त्यात येतात. बाहेरचा आंबा देवगडच्या नावावर खपवला जातो, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात असतेच. तिला उत्तर देणाऱ्या पानाला इतर लोक आपणहून लिंक देतात, ती विकत घ्यावी लागत नाही.

एका पानाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं, आणि तो प्रश्न पानाच्या शीर्षकातच दिसावा. इथे शीर्षक म्हणजे गुगलच्या निकालात ठळक दिसतो तो मथळा. बहुतेक साइटींत तिथे नुसतं ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘होम’ असतं, म्हणजे सगळ्यात मोक्याची ओळ कोरी सोडलेली. ‘देवगड हापूस, ५ डझन पेटी, पुण्यात घरपोच’ हे तिथे हवं. शब्द गिऱ्हाइकाचे असावेत. ‘आम्रफळ’ कोणी टाइप करत नाही. मराठीत बोलून शोधण्याची सोय गुगलने २०१७पासून दिली आहे आणि बोलणारा माणूस अख्खं वाक्य बोलतो, म्हणून प्रश्नाच्या रूपातले मथळे कामाला येतात. परगावच्या इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजीचं स्वतंत्र पान करावं; एकाच पानात दोन्ही भाषांची खिचडी केली की दोघांचंही समाधान होत नाही. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमनमध्ये, यावर लोक विनाकारण वाद घालतात. गुगलला दोन्ही चालतात. फक्त देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक संकेताची ९ चिन्हं होतात, म्हणजे ‘आंबा’ची ३६, आणि व्हॉट्सॲपवर तो पत्ता एखाद्या व्हायरससारखा दिसतो. व्यवहार म्हणून छोटा रोमन पत्ता बरा.

उरलेलं तांत्रिक काम थोडक्यात. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांना ही साइट घेऊ देऊ नका’ अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बनत असताना डिझायनर तिच्यावर खूण करतो आणि काढायला विसरतो. महिनोन्महिने साइट न दिसण्यामागे कधीकधी एवढंच असतं. गुगलचं सर्च कन्सोल मोफत आहे. त्यात साइटची मालकी सिद्ध करून पानांचा नकाशा, म्हणजे साइटमॅप, द्यावा. कोणती पानं सूचीत गेली आणि लोक काय टाइप करून आले, दोन्ही तिथे कळतं. गुगल आता साइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच मुख्य धरतं, म्हणून मोबाइलवर उघडायला वेळ लावणारे, कॅमेऱ्यातून आलेले अवाढव्य फोटो तसेच चढवू नयेत. दुकान किंवा बाग असेल तर गुगल बिझनेस प्रोफाइलही मोफत आहे, आणि स्थानिक शोधात ते साइटपेक्षाही आधी दिसतं.

आता आक्षेप. मोठ्या कंपन्यांपुढे आपला टिकाव कसा लागणार? नुसत्या ‘आंबा’ या शोधात लागणार नाही, आणि तिथे डोकं आपटूही नये. पण रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच न आलेले असतात, असं गुगल वर्षानुवर्षं सांगत आलंय. इतक्या विचित्र, नेमक्या प्रश्नांना मोठ्या कंपनीकडे पान नसतं. ज्याला बाग माहीत आहे त्याच्याकडे असू शकतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गुगलच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा? डोळे मिटून मुळीच नाही. लोक कोणत्या निकालावर क्लिक करतात ते क्रमवारीत धरत नाही असा सूर गुगलची माणसं अनेक वर्षं लावत होती. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ साली गुगलचेच उपाध्यक्ष पांडू नायक यांनी क्लिकांवर चालणाऱ्या ‘नॅवबूस्ट’ यंत्रणेबद्दल साक्ष दिली. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं. जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच, हे तर पेज आणि ब्रिन यांनी १९९८च्या त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. पण नॅवबूस्टच्या माहितीने माझा मुद्दा उलट पक्काच होतो. क्लिक करून आलेला माणूस उत्तर न मिळता माघारी फिरतो हे यंत्राला कळत असेल, तर मथळ्यात एक आणि पानात दुसरंच, हे चालणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात नवा, आणि त्याचं पूर्ण खंडन मी करणार नाही. भारतात ऑगस्ट २०२४पासून गुगल काही शोधांना वरच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं उत्तर देतं आणि माणूस कोणत्याच साइटवर न जाता निघून जातो. निव्वळ माहिती देऊन जाहिरातींवर जगणाऱ्या साइटींचं यात नुकसान आहे. साक्याच्या पानावर येणारे काही वाचकही असे कमी होतील. पण पेटी मागवायची तर उत्तर वाचून भागत नाही, कोणाकडे तरी जावंच लागतं. आणि ते तयार उत्तरही वेबवरच्या पानांतूनच विणलेलं असतं, खाली त्यांचे दुवे देऊन. इन्स्टाग्राम असताना साइट कशाला, असंही विचारतात. इन्स्टाग्रामवरची पोस्ट दोन दिवसांत खाली सरकते, आणि खातं उद्या बंद झालं तर दाद मागायला दारही नसतं. साइट आपली राहते; तिचं डोमेन, म्हणजे मूळ पत्ता, मात्र स्वतःच्या नावावर घ्यावं, डिझायनरच्या नाही.

केलेल्या बदलांचा फायदा दिसायला ४ महिने ते १ वर्ष लागतं, असं गुगलच्या प्रतिनिधीने २०१७ साली एका मार्गदर्शनात सांगितलं होतं. हापूसच्या पेट्या मार्चपासून निघू लागतात. म्हणजे भाव, पेटी, अढी आणि साका ही चार पानं दिवाळीच्या सुमारासच चढवायला हवीत. भावाचा आकडा नंतर भरला तरी चालेल. आणि हंगाम संपला की ती पानं उडवायची नाहीत. ‘या वर्षीचा हंगाम संपला, पुढची नोंदणी जानेवारीत’ एवढी ओळ वर टाकायची आणि पत्ता तोच ठेवायचा, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या लिंक पुढच्या मार्चलाही त्याच पानाला लागू राहतात.