सुईण, डॉक्टर की तज्ज्ञ? गरोदरपणातील एक महत्त्वाचा निर्णय

घरात नव्या जिवाची चाहूल लागली की आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्नही उंबरठ्यावर येऊन उभा राहतो : नाव कोठे नोंदवायचे? सासूबाईंना आपली बाळंतपणे पार पाडणारी गावातील सुईण आठवते. सासऱ्यांना नाक्यावरचे घरोब्याचे डॉक्टर जवळचे वाटतात. सुनेला शहरातील नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ हवी असते, तर माहेरची मंडळी पहिले बाळंतपण आमच्याकडेच, असा आग्रह धरून बसतात. प्रत्येकाच्या म्हणण्यात माया असते, हे निर्विवाद. परंतु येथे एका नव्हे तर दोन जिवांचा प्रश्न असल्यामुळे मायेला माहितीची जोड मिळणे अगत्याचे आहे. कोणाचे काम काय, कोणाची मर्यादा कोठे संपते आणि कोणत्या खुणा दिसताच पुढच्या पायरीवर जावे, ह्याची उजळणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

एक प्राचीन आणि सन्मान्य सेवा

बाळंतिणीच्या उशाशी बसणारी स्त्री मानवी समाजात फार पूर्वीपासून आहे. जुन्या करारातील निर्गमच्या ग्रंथात शिप्रा आणि पुवा ह्या दोन सुइणींची नावे नोंदलेली आहेत. फारोची आज्ञा मोडून त्यांनी इब्री बालकांचे प्राण राखले. त्या फारोचे नाव मात्र तेथे दिलेले नाही! ऑक्टोबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी इटलीतील कॅथॉलिक प्रसाविकांपुढे विस्तृत भाषण केले आणि त्यांच्या व्यवसायाकडे प्रेषितकार्य म्हणून पाहिले.

आपल्या उपखंडाशी निगडित असलेला आणखी एक इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर येऊ शकत नसत आणि उपचाराअभावी प्रसूतीत दगावत. दुसरीकडे व्रतस्थ धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्राचे काम करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांनी मनाई होती. रावळपिंडीत काम केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल ह्यांनी १९२५ साली मेडिकल मिशन सिस्टर्स ह्या संस्थेची स्थापना केली. अखेर १९३६ साली रोमने धर्मभगिनींना वैद्यकीय व प्रसूतीविषयक सेवेची रीतसर मुभा दिली. त्या मागणीच्या मुळाशी एक साधी जाणीव होती : प्रेमळ हात पुरेसे नाहीत, ते शिकलेलेही असले पाहिजेत. आजही हीच कसोटी आपल्याला लावायची आहे.

सुईण आणि प्रसाविका : फरक ओळखा

मराठीत आपण दोघींनाही सुईण म्हणून मोकळे होतो आणि तेथेच घोटाळा होतो. गावातील पारंपरिक सुईण अनुभवाने शिकलेली असते. तेल-मालीश, बाळाची अंघोळ, बाळंतिणीला धीर देणे ह्या बाबतींत तिची मदत मोलाची आहे. परंतु रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने तपासणे, रक्तस्राव थांबविणारे इंजेक्शन देणे ह्यांचे शिक्षण तिला मिळालेले नसते. म्हणून प्रसूती तिच्या एकटीच्या भरवशावर सोपविणे योग्य नाही.

प्रशिक्षित प्रसाविका ही वेगळी व्यक्ती. उपकेंद्रातील ज्या सेविकेला आपण सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतो, तिचे अधिकृत पद सहायक परिचारिका प्रसाविका असे आहे. नाव नोंदविणे, वजन व रक्तदाब पाहणे, हिमोग्लोबिन तपासणे, धनुर्वाताची लस टोचणे, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या देणे आणि धोका दिसताच वर पाठविणे, ही तिची कामे होत. घरोघर फिरणारी आशाताई, जिची योजना २००५ पासून सुरू झाली, ती गर्भवतीला ह्या यंत्रणेशी जोडून देते. ती स्वतः प्रसूती करीत नाही.

ब्रिटनसारख्या देशात निरोगी गर्भवतीची देखभाल प्रामुख्याने प्रसाविकाच करतात. अशा देशांतील १५ चाचण्यांचा व १७ हजारांहून अधिक स्त्रियांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाच प्रसाविकेची वा तिच्या लहान गटाची देखभाल सातत्याने लाभलेल्या स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि चिमटा लावून करावी लागणारी प्रसूती कमी आढळली. मात्र ह्या प्रसाविका अनेक वर्षे शिकलेल्या असतात आणि त्यांच्या पाठीशी रुग्णालय सज्ज असते, हे विसरून चालणार नाही. भारत सरकारनेही २०१८ साली ह्या दिशेने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन प्रसाविका म्हणून तयार करावयाचे आहे.

डॉक्टर कोणते?

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी किंवा घरचे एमबीबीएस डॉक्टर साध्या गरोदरपणाची तपासणी करू शकतात, ताप वा लघवीचा जंतुसंसर्ग ह्यांवर उपचार करू शकतात आणि सरळ प्रसूती हाताळू शकतात. परंतु ज्यांचा फलक आपण वर्षानुवर्षे पाहतो, त्यांची पदवी नेमकी कोणती, हे अनेकांना ठाऊक नसते. ती विचारण्यात उद्धटपणा नाही. प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांच्या नावापुढे एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ अशी अक्षरे असतात.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न दवाखान्याविषयी विचारावा. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर तेथे कोण असेल? शस्त्रक्रियेची, भूल देणाऱ्या डॉक्टरांची आणि रक्ताची सोय तेथेच आहे की दुसरीकडे जावे लागेल? नवजात बालकाला श्वास घेता आला नाही तर त्याला कोण पाहील? ज्यांना ह्यांची स्पष्ट उत्तरे देता येतात, तेथे विश्वास ठेवावा.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

काही मातांची नोंदणी आरंभापासूनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात व्हावी. त्या अशा :

• आधीचे बाळंतपण सिझेरियनने झालेली, आधी मृत बालक जन्मलेली किंवा प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेली माता.
• जुळी बाळे, आडवे वा पायाळू मूल, किंवा वार गर्भाशयाच्या तोंडाशी असणे.
• उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, अपस्मार, थायरॉईड किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली माता.
• वय १८ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा अधिक असणे, उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी असणे.
• हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी असणे, किंवा सिकलसेल विकार. हा विकार आपल्या राज्यात विशेषतः आदिवासी पट्ट्यात आढळतो.
• मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असून पित्याचा पॉझिटिव्ह असणे. येथे अँटी-डी इंजेक्शन वेळेवर, प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, मिळावे लागते.

आज सर्व काही सुरळीत असलेली माता उद्याही तशीच राहील, ह्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे : अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना, झटके येणे, ताप, धाप लागणे, बाळाची हालचाल मंदावणे. ह्यातील डोकेदुखी, अंधारी व सूज ही वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक झाल्यास त्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. "गरोदरपणात पाय सुजायचेच" असे म्हणून विषय मिटविण्यापूर्वी रक्तदाब एकदा मोजून घ्यावा.

रक्तक्षयाचेही असेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या मातेला प्रसूतीच्या वेळचा थोडा अधिक रक्तस्रावही सोसत नाही. गोळ्यांनी शौच काळे होते, मळमळते, म्हणून त्या कपाटात पडून राहतात. सिस्टरला सांगितल्यास त्या घेण्याची वेळ बदलता येते. परस्पर बंद करू नयेत.

तज्ज्ञ म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही दूर व्हावा. मोठे रुग्णालय, अधिक खर्च, म्हणजे अधिक सुरक्षितता, असे समीकरण मध्यमवर्गीय कुटुंबांत रूढ झाले आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने मातांचे वा नवजातांचे मृत्यू कमी होत असल्याचे दिसत नाही.

ह्याचा अर्थ सिझेरियन वाईट, असा मुळीच नव्हे. योग्य वेळी केलेल्या ह्या शस्त्रक्रियेने असंख्य माता वाचल्या आहेत. ज्या स्त्रीचे सिझेरियन झाले, तिचे मातृत्व कोणत्याही अर्थाने उणे ठरत नाही; तिला टोमणे मारणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. परंतु मुहूर्त साधण्यासाठी किंवा कुटुंबाच्या सोयीच्या तारखेसाठी शस्त्रक्रिया मागणे गैर आहे. डॉक्टरांनी ती सुचविल्यास कारण नम्रपणे विचारावे. घाई नसेल तर दुसरे मत घ्यावे. बाळाचे ठोके मंदावल्याचे सांगितले असेल, तर मात्र वाद घालीत बसू नये.

तीन विलंब

माता का दगावतात, ह्याचा विचार करताना १९९४ सालापासून अभ्यासक तीन विलंबांची मांडणी करीत आले आहेत : निर्णय घेण्यातील विलंब, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. ह्यांपैकी पहिला विलंब सर्वस्वी आपल्या घरात घडतो. पती आखाती देशात किंवा जहाजावर नोकरीला. सासरे म्हणतात, त्याला विचारू. माहेरचे म्हणतात, आमच्या डॉक्टरांना फोन करू. आणि रक्त मात्र थांबत नाही. अशा प्रसंगी कोणी संमती द्यावयाची, हे आठव्या महिन्यापूर्वीच ठरवून ठेवावे. त्या चर्चेत गर्भवतीला प्रथम स्थान असावे; देह तिचा आहे आणि वेदनाही तिच्याच.

दुसऱ्या विलंबासाठी वाहनाची व्यवस्था आधी करावी. शासकीय १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावेत. तिसऱ्या विलंबावर उपाय म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि सर्व अहवाल एका पिशवीत तयार ठेवणे. माहेरी जाणाऱ्या मुलीने ही पिशवी सोबत न्यावी आणि तेथील रुग्णालयात किमान एकदा आधी दाखवून यावे. ऐन कळांमध्ये अनोळखी डॉक्टरांपुढे कोऱ्या पाटीने जाणे धोक्याचे असते.

खर्चाची चिंता

गरिबीमुळे कोणी तपासणी टाळू नये. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि आहार विनामूल्य आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत आणि एकूण किमान चार तपासण्या, हा आपल्याकडील शासकीय दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटना तर आठ भेटींची शिफारस करते. सोनोग्राफी बाळाच्या प्रकृतीसाठी असते. लिंग विचारणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि जन्मू पाहणाऱ्या कन्येवर अन्यायही.

समारोप

सारांश असा की, सुईण, डॉक्टर आणि तज्ज्ञ हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. एकाच जिन्याच्या त्या पायऱ्या आहेत. निरोगी मातेला प्रशिक्षित प्रसाविका आणि डॉक्टर पुरेसे ठरतात. धोक्याच्या मातेला तज्ज्ञ हवेच. आणि घरी परतलेल्या बाळंतिणीला अनुभवी सुईणबाईच्या मायेच्या हातांचीही गरज असते. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. योग्य वेळी योग्य पायरी चढल्याने काय साधते, हे ह्यावरून कळते. उरलेल्या प्रत्येक आकड्यामागे मात्र एक घर आहे आणि आईविना वाढणारे एखादे मूल आहे.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून घाईघाईने अलीशिबेच्या घरी गेली, ती गरोदर नातलगाच्या सोबतीसाठी. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी आणि छोट्या ख्रिस्ती समूहांनी हा कित्ता गिरवावा. शेजारच्या गर्भवतीला ९ तारखेला तपासणीस घेऊन जाणे, रुग्णालयाबाहेर रात्र काढणाऱ्या कुटुंबाला जेवणाचा डबा पोहोचविणे, रक्तदात्यांची यादी तयार ठेवणे, ही कामे लहान वाटतील. परंतु एखाद्या मातेचे प्राण त्यांच्यावरच अवलंबून असू शकतात.