ओरखडा बाभळीचा, नुकसान फडक्याचं

कुंभारीच्या शिवारात गाडी घातली की ती ओरखडे घेऊनच बाहेर येते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. इथे अश्विनी वैद्यकीय महाविद्यालय आहे, विडी कामगारांचं गोदूताई परुळेकर घरकुल आहे, आणि जिथल्या पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं ते रे नगरही इथलंच. शहर असं अंगाला येऊन भिडलं असलं तरी डांबरी सोडून आत वळलं की पाणंद तीच जुनी आहे. मधे चाकोऱ्या, खाली काळी माती, दोन्ही बाजूंनी आत झुकलेली वेडी बाभूळ. पुण्या-मुंबईचे थारवाले ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात आणि सुट्टी काढून करतात, ते इथला शेतकरी बोलेरोतून रोज करतो. मोटर चालू करायला जायचं असतं, तुरीवर फवारणी असते, उसाला तोड आलेली असते.

या ओरखड्यांविषयी चावडीवर, वॉशिंग सेंटरवर आणि गॅरेजात जे सल्ले मिळतात त्यांतले बरेच चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत गाडीवाला भरतो. बाभळीची फांदी गाडीच्या रंगाचं जेवढं बिघडवते, त्याहून जास्त आपण तो ओरखडा घालवायच्या नादात बिघडवतो. हे पटायला आधी रंग म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल.

कारखान्यात गाडीचा पत्र्याचा सांगाडा पहिल्यांदा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने एक पातळ थर सगळ्या कानाकोपऱ्यांत बसवतात. गंज रोखायचं मुख्य काम हा थर करतो. त्यावर प्रायमर, मग दिसणारा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हे चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छपाईच्या साध्या कागदाचं एक पान सुमारे १०० मायक्रॉनचं असतं. तेव्हा लाखो रुपयांच्या गाडीवरचा सगळा रंग जेमतेम एक-दीड पानाएवढा जाड. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे अर्धं पान. चमक त्याची, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारी ढालही तोच.

“पांढरी रेघ दिसतेय, म्हणजे रंग गेला”

बहुतेक वेळा गेलेला नसतो. पारदर्शक थरावर चरा पडला की त्याच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो आणि ती रेघ पांढरी दिसते. काचेवर पडलेल्या चऱ्यासारखं समजा. खात्री करायची तर जागा आधी धुवा आणि मग ओल्या बोटाने ती रेघ भिजवा. ओली असेतो रेघ दिसेनाशी झाली तर ओरखडा वरवरचा, क्लिअर कोटपुरता आहे; पाण्याने चर भरला, उजेड विखुरायचा थांबला. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे. आत करडा थर दिसतोय की चकाकता पत्रा, ते बघा. करडा असेल तर प्रायमरपर्यंत गेलंय, घाई नाही. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र दिवस मोजायचे.

बाभळीच्या बारीक फांद्या सहसा पहिल्या प्रकारचे ओरखडे काढतात. उसाचं पानही तेच करतं. उसाच्या पानात सिलिका असते, म्हणून तोडणी कामगाराचे हात त्याने कापतात आणि गाडीच्या दारावर बारीक जाळी उमटते. खोल चरे येतात ते वाळून टणक झालेल्या खुंटाने, तारेच्या कुंपणाने, बैलाच्या शिंगाने किंवा ट्रॉलीच्या कोपऱ्याने.

“घरी आलं की फडकं मारावं”

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पाणंदीतून आलेल्या गाडीवर फुफाटा बसलेला असतो. तो नुसत्या मातीचा नसतो. आपल्या भागातला मुरूम आणि रस्त्यावरची खडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. त्यातली मुख्य खनिजं कठीणपणाच्या मोह्ज मापावर ६ च्या आसपास येतात. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेला ओरखडू शकतो, तो प्लास्टिकच्या जातीच्या त्या अर्ध्या पानाचं काय करेल? कोरडं फडकं फिरवलं की हे कण फडक्याखाली दाबले जातात आणि गोल गोल फिरतात. काळ्या किंवा गडद लाल गाडीवर उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, ती याच हाताने काढलेली असतात. बाभळीचे ओरखडे दारांवर लांब आणि आडवे असतात. बॉनेटवर आणि टपावर गोल जाळी असेल तर बाभळीला दोष देऊ नका. तिथवर ती पोचतही नाही.

यात फडक्याच्या जातीचा दोष नाही. सोलापूरचा टेरी टॉवेल चादरीबरोबरच भौगोलिक मानांकन मिळवलेला. त्याचे सुती फासे मऊच असतात. पण तोच टॉवेल कोरडा, धुळीने भरलेला आणि शिवणीच्या कडक काठासकट फिरवला तर तो पॉलिश पेपरचं काम करतो. मायक्रोफायबर आणलं तरी न धुतलेल्या गाडीवर कोरडं फिरवलं की गत तीच.

करायचं असं: आधी नुसतं पाणी, वरून खाली, धार भरपूर. धूळ हात न लावता जेवढी वाहून जाईल तेवढी जाऊ द्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चिकटून वाळला असेल तर तो खुरप्याने किंवा काटकीने खरवडू नका. ही माती पाणी पिऊन फुगते. दहा मिनिटं भिजत ठेवली की आपोआप सुटते. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडी धुवायचा शाम्पू आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात, मग शाम्पूत. एकाच बादलीत धुतलं की धुऊन काढलेली रेती परत गाडीवर येते. भांड्यांची पावडर वापरू नका, तिच्यात घासायचीच रेती असते. आणि बोअरच्या पाण्याने धुतली तर उन्हात वाळू देऊ नका. आपल्या पाण्यात क्षार जास्त. थेंब सुकला की पांढरा डाग उरतो, लोक त्याला रंगाची खोड समजून घासतात आणि तिथे नवे ओरखडे काढतात. सावलीत धुवा, लगेच स्वच्छ कपड्याने टिपा.

टूथपेस्ट, रॉकेल, डिझेल

टूथपेस्टने ओरखडा जातो, हे अर्धं खरं आहे. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते. ती चऱ्याच्या कडा घासून गुळगुळीत करते, त्यामुळे फार बारीक रेघ कमी दिसते. भरत मात्र काहीच नाही. ती पूड किती जाड आहे हे रंगासाठी कुणी ठरवलेलं नसल्यामुळे आजूबाजूला धुरकट पट्टा पडायची शक्यता असते. याच कामाचं बारीक पॉलिश गाडीच्या दुकानात मिळतं, ते घ्या.

डिझेल किंवा रॉकेलचा पोचारा तर निव्वळ फसवा. तेल चऱ्यात शिरतं, पाण्यासारखीच रेघ लपवतं, गाडी दोन दिवस झळकते. मग त्या तेलकट अंगावर फुफाटा दुप्पट चिकटतो, पुन्हा फडकं येतं, आणि दारांची रबरं फुगून ढिली पडतात. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल मारायची पद्धत आहे. तीही नको म्हणा.

“रबिंग मारून घ्या, नवी होईल”

हा सल्ला जुन्या काळी बरोबर होता. जुन्या जीप आणि ॲम्बॅसॅडरचा रंग एकेरी असायचा, वर पारदर्शक थर नव्हता. उन्हाने वरचा रंग खडूसारखा व्हायचा, तो घासून काढला की खालचा ताजा रंग दिसायचा. फडक्यालाही तो लागायचा. काही मालवाहू गाड्यांच्या साध्या पांढऱ्या रंगात आजही हीच पद्धत असते. तुमची गाडी कोणती ते कळायला कोपऱ्यात थोडं पॉलिश घासून बघा: फडक्यावर गाडीचा रंग आला तर एकेरी, नाही आला तर वर क्लिअर कोट आहे.

क्लिअर कोटच्या गाडीवर प्रत्येक रबिंग म्हणजे त्या अर्ध्या पानातला काही भाग कायमचा उडवणं. एकदा, नीट हाताने, बारीक पॉलिशने केलं तर चालतं. दर दिवाळीला मशीन फिरवलं तर टपावर आणि बॉनेटवर थर इतका पातळ होतो की मे महिन्यातलं चाळीस अंशांपलीकडचं ऊन पुढचं काम करतं. तिथे आधी पांढुरके चट्टे येतात, मग सापाच्या कातीसारखे पापुद्रे सुटतात. त्यावर पॉलिश चालत नाही, पूर्ण पॅनल रंगवावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे: शेतात रोज जाणाऱ्या गाडीचे वरवरचे ओरखडे तसेच राहू द्यावेत. ते गाडीचं आयुष्य एका दिवसानेही कमी करत नाहीत. विकायच्या आधी एकदाच घासून घ्या. आणि घासणार असाल तर सकाळी, पत्रा थंड असताना. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं आणि पॅनलच्या कडेला रंग जळतो.

“सिरॅमिक कोटिंग नाइन-एच, काही होत नाही”

विकणारा ‘नाइन-एच’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या दहाखालोखाल नऊ. ही दोन मापं वेगळी आहेत. हिरा १० असतो ते मोह्ज माप, दगडांचं. नाइन-एच हे पेन्सिलींचं माप. एचबी, टू-एच अशा पेन्सिली रंगावर ठरावीक दाबाने ओढून रंग कितव्या पेन्सिलीला दाद देतो ते बघतात, आणि नाइन-एच म्हणजे त्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल. तिचं शिसंही ग्राफाइट आणि चिकणमातीचंच. बेसॉल्टच्या कणापुढे किंवा वाळलेल्या खुंटापुढे या आकड्याला अर्थ नाही, कारण कोटिंगच मुळात मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या घरातलं असतं. पाणी आणि चिखल चटकन निसटतो, धुणं सोपं होतं, हा त्याचा खरा गुण. मेणाच्या पॉलिशचंही तेच.

फांदी झेलायची असेल तर उपयोगी पडते ती पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, जिला पीपीएफ म्हणतात. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड, आणि तिच्यावरच्या बारीक रेघा उन्हाच्या उबेने मिटतात. सोलापूरला ऊन विकत आणावं लागत नाही. पूर्ण गाडीला ती महाग पडते. दारांचा मधला पट्टा, चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या कडा एवढ्यालाच लावली तरी पाणंदीतलं बहुतेक निभावतं.

“आपल्याकडे हवा कोरडी, गंज धरत नाही”

कोकणापेक्षा उशिरा धरतो, एवढंच. उघडा पत्रा गंजायला पाणी आणि हवा लागते. हवा असतेच, आणि ओल हिवाळ्यातलं दव, बोअरचं खारं पाणी आणि पाऊस पुरवतात. गंज दिसतो तेवढाच नसतो. तो रंगाखालून पसरत जातो आणि वर फोड येतो तोवर बराच पत्रा खाल्लेला असतो. बंपर आणि कमानींवरच्या काळ्या पट्ट्या प्लास्टिकच्या असतात, तिथे ही चिंता नाही.

उघडा पत्रा दिसला की तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरने घासून गंज काढा, पुसून कोरडी करा, प्रायमरचा ठिपका द्या, तो वाळल्यावर टचअप रंग, मग क्लिअर. काडीच्या टोकाने पातळ थर दोन-तीनदा द्या, एकदाच जाड थापू नका. प्रायमरशिवाय दिलेला रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. रंग मागताना “पांढरा द्या” म्हणू नका; पांढरे अनेक असतात. गाडीच्या पट्टीवर, बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर रंगाचा कोड लिहिलेला असतो, तो दाखवा. तरीही जुन्या, उन्हात उडालेल्या पॅनलवर ठिपका थोडा वेगळा दिसेल. दिसू द्या. तो ठिपका गंज रोखण्यासाठी आहे.

विम्याचं काय

“कच्च्या रस्त्यावर घासली तर क्लेम मिळत नाही” असं ठामपणे सांगितलं जातं. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत वगळलेल्या असतात त्या शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि भाड्याने वापर. रस्ता डांबरी नव्हता एवढं कारण त्यात नसतं. पण मिळतो म्हणून घ्यावाच असं नाही. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १ हजार रुपये आणि त्यापुढे २ हजार रुपये. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ घेतलं तरी ती भरावी लागते. शिवाय नो क्लेम बोनस जातो. क्लेम न करता सलग पाच वर्षं काढली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एका दाराच्या ओरखड्यासाठी क्लेम केला की गाडी शून्यावर, आणि परत वर चढायला पुन्हा पाच वर्षं. रंगकामाचा खर्च आणि बुडणारी सूट कागदावर मांडून बघा. एकट्या पॅनलसाठी सहसा खिशातून देणं स्वस्त पडतं.

आणि सगळी गाडी रंगवायचीच ठरली, तर जीपच्या हौसेपायी लष्करी हिरवा निवडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. दुसरा कोणताही रंग घेतला तरी आरटीओत नोंद करून आरसी बुकात बदल करून घ्यावा लागतो.

या सगळ्याहून स्वस्त साधन प्रत्येकाच्या घरात आहे, ते म्हणजे कोयता. वेडी बाभूळ बेसुमार वाढते. ऊसतोड सुरू व्हायच्या आधी पाणंदीवरच्या शेतकऱ्यांनी अर्धा दिवस काढून आत आलेल्या फांद्या छाटल्या तर गाड्यांचे रंग वाचतीलच, सायकलवरून शाळेला जाणाऱ्या पोरांचे डोळेही वाचतील. यंदा दिवाळीआधी आपल्या पाणंदीपुरतं तरी हे करा, आणि शेतातून आल्यावर फडक्याच्या आधी पाण्याचा पाइप हातात घ्या.