ध्रुवतारा दिसला म्हणजे दुर्बीण जुळली?

पृथ्वी फिरते म्हणून तारे तासाला सुमारे 15 अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. इक्वेटोरियल माऊंट ही गती एकाच मोटरने भरून काढतो. त्यासाठी त्याचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. तो तसा लावणे म्हणजे पोलर अलाइनमेंट. काम अवघड नाही, पण त्याभोवतीचे गैरसमज नव्या निरीक्षकाची अख्खी रात्र खातात.

गैरसमज: वाशीमवरून भूमध्यरेषा जाते.
वस्तुस्थिती: सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंका ते मेरू या रेषेवरच्या गावांत अवंतीबरोबर वात्स्यगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, सांगितले आहे. शहरातले मध्यमेश्वर मंदिरही याच परंपरेशी जोडले जाते. पण ती रेषा दक्षिणोत्तर, म्हणजे रेखांशाची. भूमध्यरेषा, म्हणजे विषुववृत्त, येथून सुमारे 2,200 किलोमीटर दक्षिणेला आहे. वाशीमचा अक्षांश साधारण 20.1 अंश उत्तर, म्हणून माऊंटचा अक्ष क्षितिजापासून तेवढाच वर उचलायचा. रिसोडला हा आकडा जवळपास 20, तर कारंज्याला साडेवीसच्या आसपास. परगावी वापरलेला माऊंट इथे आणला तर आधी अक्षांशाची पट्टी तपासा. इतक्या कमी कोनावर काही माऊंटचे काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला घासते, तेही दिवसाउजेडी पाहून घ्यावे.

गैरसमज: ध्रुवतारा अढळ आहे आणि सर्वांत ठळकही.
वस्तुस्थिती: ठळकपणात त्याचा क्रमांक पन्नासाच्या आसपास लागतो. खऱ्या ध्रुवबिंदूपासून, म्हणजे पृथ्वीचा अक्ष आकाशात जिथे रोखलेला आहे तिथून, तो सुमारे 0.65 अंश दूर आहे. पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक. त्या बिंदूभोवती तोही रोज एक फेरी मारतो. म्हणून पोलर स्कोपमध्ये, म्हणजे माऊंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, तो मधोमध धरायचा नसतो. त्या वेळी तो स्कोपमधल्या वर्तुळावर जिथे असायला हवा तिथे ठेवायचा. ती जागा मोबाइलवरचे ॲप सांगते. ध्रुवमत्स्यातला कोचाब ओळखता येत असेल तर आणखी सोपे: खरा ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्यापासून साधारण कोचाबच्याच दिशेला असतो.

गैरसमज: ध्रुव शोधायला सप्तर्षी बारमाही हाताशी असतात.
वस्तुस्थिती: पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो, हे खरे. पण आपल्या अक्षांशावर सप्तर्षी मावळतात. पावसाळा संपून आकाश निवळते, त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात. तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाचा आधार घ्यावा.

गैरसमज: दुर्बिणीची नळी ध्रुवावर रोखली की झाले.
वस्तुस्थिती: रोखायचा असतो माऊंटचा मुख्य अक्ष. नळी त्या अक्षाला समांतर नसेल, तर तिच्यात ध्रुव दिसूनही अक्ष भलतीकडेच राहतो. उंची आणि दिशा माऊंटच्या बुडाशी असलेल्या स्क्रूंनीच बदलायची; नळी हलवून नव्हे.

गैरसमज: होकायंत्राची उत्तर पुरेशी आहे.
वस्तुस्थिती: आपल्या भागात चुंबकीय आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, ही आपली सोयच. मात्र स्लॅबमधल्या सळया, लोखंडी ट्रायपॉड आणि काउंटरवेट सुईला सहज ओढतात. मोबाइलमधले होकायंत्रही त्याला अपवाद नाही. तेव्हा होकायंत्र सुरुवातीपुरते वापरावे, निर्णय ताऱ्यावर सोडावा.

गैरसमज: पाणसळ लावून ट्रायपॉड अगदी समतल केलाच पाहिजे.
वस्तुस्थिती: अक्ष ध्रुवबिंदूकडे असेल तर ट्रायपॉड थोडा कललेला असूनही माऊंट तारा नीट धरतो. समतल ठेवण्याचा फायदा असा की दिशा बदलताना उंची बिघडत नाही आणि जुळणी लवकर होते.

गैरसमज: गो-टू, म्हणजे तारा आपोआप शोधणारी यंत्रणा, असेल तर जुळणीची गरज नाही.
वस्तुस्थिती: दोन-तीन तारे दाखवून केलेली गो-टूची नोंदणी संगणकाला तारे कुठे आहेत ते शिकवते, अक्ष सरळ करत नाही. दीर्घ एक्स्पोजरच्या फोटोत मग कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. मोठ्या दुर्बिणी मात्र वेगळ्या वाटेने जातात. जुन्नरजवळ गिरवली येथे 2006 पासून असलेली आयुका या खगोलसंशोधन संस्थेची 2 मीटरची दुर्बीण अल्ट-ॲझिमथ माऊंटवर आहे. ती दोन्ही अक्ष संगणकाने सतत फिरवते आणि प्रतिमेचे फिरणे वेगळ्या यंत्रणेने भरून काढते.

गैरसमज: ध्रुव झाकला असेल तर जुळणी अशक्य.
वस्तुस्थिती: 20 अंशांवरचा ध्रुव झाडाआड, पाण्याच्या टाकीआड किंवा धुरळ्यात सहज हरवतो. अशा वेळी ड्रिफ्ट पद्धत कामी येते. दक्षिणेला मध्यमंडलाजवळ, खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा धरा. तो दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला गेला आहे. उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्वेकडचा, फार उंच नसलेला तारा पाहा: दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. सरकणे थांबेपर्यंत दोन्ही दुरुस्त्या आलटून पालटून करा.

किती अचूकता हवी, हे कामावर ठरवावे. अक्ष एक अंश चुकला तर तासाभरात तारा फार तर पाव अंश सरकतो. शनीची कडी किंवा चंद्रावरची विवरे पाहताना हे सहज चालते. अधूनमधून तारा मधोमध आणला की झाले. पाच मिनिटांच्या फोटोत मात्र हीच चूक ताऱ्याची रेघ करते. गावातल्या मुलांना आकाश दाखवायचे असेल, तर दहा मिनिटांत ढोबळ जुळणी करून त्यांना आयपीसपाशी उभे करा. बारीक जुळणीचा सगळा संयम फोटोच्या रात्रीसाठी राखावा.