जुन्या ट्रकच्या तळपत्र्याला ठिगळ लावताना

शेवरोलेचे १९४७ ते १९५५ या काळातील 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिकेतील ट्रक आजही अमेरिकेत हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये आढळतात. हे नाव आपल्या आजोबांच्या पिढीलाही परके नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली होती. असा ट्रक विकत घेतला की रंग, इंजिन आणि चाके पाहून आपण हरखून जातो. खरी परीक्षा मात्र रबरी मॅट उचलल्यावर होते.

हिमवर्षावाच्या प्रदेशात गंजाचा दोष रस्त्यावरील मिठाला दिला जातो. न्यू हॅम्पशायरने १९४१ मध्ये हे मीठ टाकण्याचे धोरण राज्यभर स्वीकारले आणि पुढे इतर राज्यांतही ती पद्धत रूढ झाली. मिठामुळे गंजाचा वेग वाढतो हे खरे, पण कॅबचा तळ पुष्कळदा वरूनच कुजतो. समोरच्या काचेचे रबर तडकते, हवेच्या झडपेतून पाणी झिरपते आणि मॅटखालचे तागाचे अस्तर ते महिनोन्‌महिने धरून ठेवते. म्हणून पत्रा कापण्याआधी पाण्याची वाट शोधावी. ती न शोधता लावलेले ठिगळ काही वर्षांत पुन्हा कुजते.

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. आसन या तळावरच बसवलेले असते, पुढे कोणी सुरक्षापट्टा लावला तर त्याचाही भार इथेच येतो, आणि कोपऱ्यांतील आधारांनी कॅब सांगाड्याला जखडलेली असते. भोकांतून एक्झॉस्टचा विषारी वायूही आत येऊ शकतो. फायबरग्लासचा थर देऊन वर काळा रंग फासणे म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मालिकेतील बहुतेक पिकअपमध्ये इंधनाची टाकी कॅबमध्येच, आसनामागे असते. ठिणगी पाडण्यापूर्वी ती काढून दूर ठेवावी; रिकामी टाकी निर्धोक असते हा समज घातक आहे, कारण तिच्यात इंधनाची वाफ उरते. बॅटरीही सोडवावी. दाराखालचा पट्टा किंवा कॅबचा आधार कापायचा असेल तर दाराच्या चौकटीत आधी तात्पुरता लोखंडी दांडा जोडावा. नाहीतर चौकट खचते आणि दार पुन्हा नीट बसत नाही.

कापताना हात आखडता घेऊ नये. चकाकणारा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे जावे. कागदासारख्या पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग टिकत नाही, ती जळून भोक मोठे होते. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून सुमारे १.२ मिमी जाडीचा पोलादी पत्रा घडवावा. उभार असलेल्या भागांसाठी तयार पॅनेल मिळतात. तिथे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही. ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून जोडले तर दोहोंमध्ये ओल अडकते, म्हणून कडेला कड भिडवून जोडणे उत्तम.

मिग वेल्डिंगसाठी ०.६ मिमीची तार आणि ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण सोयीचे पडते. सलग रेघ ओढण्याचा मोह टाळावा. एक टाका इकडे, दुसरा पलीकडच्या टोकाला, मध्ये पत्रा थंड होऊ द्यावा. उष्णता एकवटली की तळ पापडासारखा वाकतो. जस्ताचा थर असलेला पत्रा वापरल्यास जोडाजवळचा थर आधी घासून काढावा, कारण जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. दाराबाहेर हवा खेळती हवी आणि पाणी हाताशी.

जोड घासून सपाट केल्यावर दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा द्यावा. पाणी निथळण्याची मूळ छिद्रे मात्र बुजवू नयेत. त्यानंतर मॅट अंथरण्याची घाई न करता काचेवर व झडपेवर पाच-दहा मिनिटे पाण्याची नळी धरावी आणि आत विजेरी घेऊन बसावे.