पाचव्या दिवसाचं हृदय

बसा पोरांनो, जवळ बसा. चिमे, तू मघाशी बरं विचारलंस. शेजारच्या काकांना हृदयाचा झटका आला, १०८ ची गाडी आली, बारामतीत गुठळीनं अडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. आज पाचवा दिवस, काका बोलतायत, जेवतायत. मग त्यांना पाण्याची बादली का उचलू देत नाहीत?

आपला नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघतो, बारामतीवरून पार इंदापुरात टेलपर्यंत जातो. मधली एखादी चारी बुजली की तिच्याखालचाच ऊस वाळतो, बाकीचं रान हिरवं राहतं. हृदयालाही रक्त देणाऱ्या अशाच रक्तवाहिन्या आहेत. एकीत गुठळी अडकली की अर्ध्या तासाच्या आत-बाहेर तिच्या हद्दीतल्या पेशी मरायला लागतात. नंतर रक्त आलं तरी मेलेली पेशी उठत नाही, आणि हृदयाचा स्नायू नव्यानं जवळजवळ उगवतच नाही.

खरी नवलाई पुढंच आहे. मेलेली पेशी फुटते, पोटातलं बाहेर सांडतं, आणि शरीराला वर्दी जाते. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. मेलेलं विरघळवणारी रसायनं सोडतात. पण त्या रसायनांना मेलेलं-जिवंत कळत नाही. कडेला कशाबशा तगलेल्या पेशीही त्यात सापडतात. हाच दाह. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या गिळणाऱ्या पेशींची गर्दी होते. त्यातल्या पुष्कळशा प्लीहेत साठवलेल्या पेशींपासून होतात, हे २००९ साली उंदरांत दिसलं. हे मॅक्रोफेज मेलेल्या पेशी गिळतात, थकून मेलेले न्यूट्रोफिलही गिळतात, आणि गिळता गिळता त्यांचा स्वभावच पालटतो! मोडणारे ते घडवायला लागतात. त्यांच्या इशाऱ्यावर दुसऱ्या पेशी कोलॅजनचे धागे विणतात, व्रण धरतो. तो पक्का व्हायला दीड-दोन महिने जातात.

आता मधले दिवस मोजा. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत मेलेलं बरंच उपसून झालेलं, नवं अजून कोवळं. हृदयाची भिंत सगळ्यात मऊ असते ती तेव्हा. क्वचित फाटतेसुद्धा. म्हणून बादली नाही.

मग दाहच मारून टाकावा की, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. १९७० च्या दशकात त्यांनी स्टेरॉइड देऊन पाहिली. १९७६ साली अमेरिकेतून अहवाल आला, रुग्णांचं उलट नुकसानच झालं. सफाईच अडली तर व्रण धरायचा कशाच्या आधारानं?

मग दाह थोडासाच आवरला तर? श्रावणात कुंपणावर चढणारी कळलावी पाहिलीत ना? पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, मागं वळलेल्या. पानाच्या टोकाला आकडा, त्यानंच ती वर चढते. हात लावू नका, जीवघेणं विष आहे. तिच्या कंदात नि बियांत कोल्चिसिन असतं. त्यामुळं पांढऱ्या पेशींची धाव मंदावते, म्हणून अगदी थोड्या मात्रेत ते गाऊटवर देतात. २०१९ साली झटका येऊन गेलेल्या ४,७४५ जणांवरच्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिननं पुढचे त्रास कमी झाले. २०२४ साली ७,०६२ जणांवर पाहिलं, तर काहीच फरक नाही! मला यात नवल वाटत नाही. ज्या पेशी जाळतात त्याच सांधतात. सरसकट अडवून कसं भागेल? आता शास्त्रज्ञ शोधतायत ते वेगळंच: मॅक्रोफेजचा तो स्वभाव नेमका कशानं पालटतो, आणि तो लवकर पालटवता येईल का.