रस्त्यावरचें छायाचित्र कोणास म्हणावें?

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस आमच्या वर्गांतील कांहीं मुलें घरच्या मंडळींबरोबर वाडी रत्नागिरीस, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, गेलीं होतीं. परत आल्यावर त्यांनीं हातांतील फोनवर काढलेलीं चित्रें आमच्यापुढें ठेविलीं व विचारलें, "यांपैकीं स्ट्रीट फोटोग्राफी कोणती?" प्रश्न सोपा वाटला, उत्तर देतांना मात्र आमची तारांबळ उडाली.

पहिल्या चित्रांत एक कुटुंब देवळाच्या शिखराकडे पाठ करून ओळीनें उभें आहे. वडिलांनीं टोपी सारखी केली आहे, धाकट्यास कोणीं तरी दटावून हंसविलें आहे. हें चित्र वाटेवरच काढलेलें, तरी तें या प्रकारांत बसत नाहीं. कारण त्यांतील माणसें कॅमेऱ्यासाठीं उभीं आहेत. दुसऱ्या चित्रांत पायऱ्यांवरील एक दुकानदार नारळ व दवणा मांडून बसला आहे. मागून सासनकाठी डोलत चालली आहे, गुलालानें हवा गुलाबी झाली आहे, उधळलेली खोबऱ्याची वाटी नेमकी त्याच्या डोक्यावर अधांतरीं आहे. आणि हा गृहस्थ खालीं मान घालून नोटा मोजीत आहे! सार्वजनिक जागीं आपोआप घडलेलें, कोणीं मांडून न ठेविलेलें असें जें टिपिलें जातें, तें रस्त्यावरचें छायाचित्र. त्यास रस्ता लागतोच असें नाहीं. एस. टी.चा थांबा चालेल, बाजार चालेल. फार काय, माणूसही नसला तरी चालेल. यात्रा पांगल्यावर गुलालानें माखलेल्या पायरीवर राहिलेली एकटी चप्पल पुरे.

ही कला यंत्राच्या वेगाबरोबर वाढली. १८३८ सालीं दाग्युएर यानें पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें, तेव्हां भिंग इतका वेळ उघडें ठेवावें लागे कीं धांवत्या गाड्या व चालतीं माणसें त्यांत उमटलींच नाहींत. बूट पुसून घेण्यासाठीं स्थिर उभा राहिलेला एक मनुष्य तेवढा उरला. १९२५ सालीं हातांत मावणारा लायका कॅमेरा बाजारांत आला आणि चालता माणूसही सांपडूं लागला. त्या कॅमेऱ्यानें नांव मिळविणारा फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यानें १९४८ सालीं दिल्लींत गांधीजींच्या अंत्ययात्रेचींही चित्रें काढलीं. तीं वृत्तचित्रें, कीं रस्त्यावरचीं? वृत्तचित्रावर काय, कोठें, केव्हां हें सांगण्याचें ओझें असतें. दुसऱ्यावर तें नसतें. परंतु कुंपण पक्कें नाहीं, हें आम्ही मान्य करितों.

तिसऱ्या चित्रापाशीं आम्ही थबकलों. पटांगणांत एक वृद्ध बाई हात जोडून रडत आहे. गालांवरच्या गुलालांतून अश्रूंच्या दोन रेघा उतरल्या आहेत. तिला कॅमेऱ्याचा पत्ता नाहीं. व्याख्येप्रमाणें हें अस्सल रस्त्यावरचें छायाचित्र, आणि तिन्हींत सरस. मुलांचा आग्रह कीं वार्षिकांत हेंच छापावें. तें काढणाऱ्या मुलाची आई मात्र त्याला म्हणाली, "ती देवापुढं रडत होती रे, तुझ्यापुढं नव्हे."

आम्हीं तें चित्र छापलें नाहीं. या निर्णयानें आमचें पूर्ण समाधान झालें आहे असें नव्हे. आधीं परवानगी मागावी तर क्षण मरतो. प्रत्येकानें तशी ती मागितली असती तर या कलेंतील निम्मीं उत्तम चित्रें जगास दिसलींच नसतीं. मागाहून विचारणें शक्य असतें, पण लाखोंच्या यात्रेंत ती बाई पुन्हां कोठें शोधावी? दुकानदार तेवढा ठिकाणावर सांपडण्यासारखा होता. म्हणून रविवारीं, जोतिबाच्या वारीं, तो मुलगा छापील प्रत घेऊन डोंगरावर गेला व छापूं का म्हणून विचारता झाला.

दुकानदारानें चित्र उलटसुलट करून पाहिलें. "छाप की. पण ह्यात माझं तोंडच दिसंना," तो म्हणाला. मग गल्ल्यावरून उठला, टोपी नीट केली, नारळांच्या राशीशेजारीं ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "आता नीट काढ."