पाककृती दुसऱ्याची, चूल आपली

संध्याकाळी काय करायचे, या रोजच्या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळ घरांत इंटरनेटवर शोधले जाते. एखादी पाककृती सापडते, फोटो आकर्षक असतो, साहित्यही घरात असते. सांगितल्याप्रमाणे सारे केले तरी पदार्थ मात्र फोटोतल्यासारखा होत नाही. मग दोष करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. खरे कारण बहुधा वेगळे असते आणि ते विज्ञानाच्या शिक्षकाला चटकन कळण्यासारखे आहे.

पाककृती म्हणजे एका प्रयोगाचे टिपणच असते. साहित्य आणि कृती दिलेली असते आणि निष्कर्षाच्या जागी फोटो असतो. पण प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांना ज्या गोष्टी आग्रहाने लिहायला लावतो, नेमक्या त्याच येथे गाळलेल्या असतात. भांडे केवढे होते? आच किती होती? तापमान किती होते? लिहिणाऱ्याला त्या सांगाव्याशा वाटत नाहीत, कारण त्याच्या स्वयंपाकघरात त्या ठरलेल्याच असतात. आपल्या स्वयंपाकघरात त्या बदलतात.

मापापासूनच सुरुवात करू. अमेरिकेत फॅनी फार्मर या पाकशिक्षिकेने १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला आणि तेथे तीच पद्धत रूढ झाली. तो अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियातला २५०चा आणि जपानमधला २००चा असतो. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, तर इतरत्र बहुतेक ठिकाणी तो १५चा धरतात. आपल्या घरातली वाटी कोणत्याच प्रमाणात बसत नाही. एका घरात दोन आकारांच्या वाट्या सहज सापडतात.

तरीही आजीचा स्वयंपाक वाटीने बिघडत नसे. 'एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी' हे माप नसून गुणोत्तर आहे. वाटी लहान घ्या की मोठी, गुणोत्तर तेच राहते. घोटाळा होतो तो एकाच कृतीत दोन तऱ्हेची मापे आली की. 'दोन कप मैदा, एक अंडे, दोन चमचे बेकिंग पावडर' यातला कप आपण १५० मिलिलिटरचा घेतला, तर मैदा कमी होतो. अंडे मात्र तेवढेच राहते. पीठ सैल होते आणि आपण म्हणतो, पाककृती चुकीची आहे. शिवाय मैद्यासारखे पीठ कपात हलक्या हाताने भरले तर सुमारे १२० ग्रॅम बसते आणि दाबून भरले तर १५० ग्रॅमपर्यंत जाते. म्हणून ज्या कृतीत वजने ग्रॅममध्ये दिली आहेत, ती आधी निवडावी असे माझे मत आहे. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा फार महाग नसतो.

माणसे वाढली की गुणोत्तरही दगा देते. पातेल्यात भात करताना दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी लागते असे समजू. यातले अडीच वाट्या पाणी तांदूळ शोषतो आणि दीड वाटीची वाफ होते. आता पाहुणे आले आणि तांदूळ सहा वाट्या घेतले. शोषले जाणारे पाणी तिप्पट होईल, म्हणजे साडेसात वाट्या. वाफ मात्र तांदळाच्या मापावर ठरत नाही. ती पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरते. ती फार तर दोन वाट्या होईल. म्हणजे पाणी साडेनऊ वाट्या हवे. गणिताने आपण बारा ओततो आणि भाताचा गिचका होतो. त्रैराशिक शिकवताना ते कोठे लागू पडत नाही, हे दाखवायला हे उदाहरण उत्तम आहे.

फुगवणाऱ्या पदार्थांबद्दल थोडक्यात. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर या एक वस्तू नव्हेत. पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि स्टार्च असतो. नुसता सोडा तिच्यापेक्षा तिपटीचौपटीने तीव्र असतो आणि त्याला ताक, लिंबू असे आम्ल लागते. इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतेच. एकाच्या जागी दुसरे चमच्यास चमचा घातले की ढोकळ्यावर लाल ठिपके दिसतात. हळद ही दर्शक आहे आणि उरलेला सोडा आपली आम्लारिधर्मी हजेरी तिच्याकडून लावून घेतो.

आता शिट्टी. 'डाळ चार शिट्ट्यांवर शिजवा' हे वाक्य आपल्याकडच्या बहुतेक पाककृतींत असते आणि त्याइतके अनिश्चित वाक्य दुसरे नसेल. उघड्या भांड्यात पाणी मुंबईत १०० अंश सेल्सिअसला उकळते, पुण्यात सुमारे ९८ला आणि महाबळेश्वरला ९५-९६ला. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. वीस अंशांच्या या फरकाने शिजण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. दाब ठरावीक मर्यादेला गेला की वाफ वरचे वजन उचलते आणि बाहेर पडते. म्हणजे शिट्टी सांगते ती एवढेच, की गरजेपेक्षा जास्त उष्णता मिळते आहे. डाळ किती शिजली, हे तिला ठाऊक नसते.

शिक्षकांनी हा प्रयोग स्वतः करून दाखवावा. कुकरमध्ये पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाणी घ्या. पहिली शिट्टी झाल्यावर पाच मिनिटे मोठी आच ठेवा आणि शिट्ट्या मोजा. मग तेवढ्याच पाण्याने पुन्हा करा, पण पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा. दुसऱ्या वेळी एखादीच शिट्टी होईल किंवा होणारही नाही. आतले तापमान मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तेवढेच असते. फरक पडतो तो गॅसच्या खर्चात. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटे मोजणे हाच शास्त्रीय मार्ग. परदेशी कृतींत मिनिटेच असतात, कारण तिकडच्या विजेच्या कुकरना शिट्टी नसते.

इथपर्यंतच्या चुकांनी फार तर जेवण बिघडते. एक चूक मात्र माणसाला आजारी पाडते आणि तिचा संबंध तापमानाशीच आहे. विजेच्या 'स्लो कुकर'मध्ये, म्हणजे मंद आचेवर सहा-आठ तास शिजवणाऱ्या भांड्यात, कोरडा राजमा सकाळी टाकून संध्याकाळी खाण्याच्या कृती इंटरनेटवर आढळतात. परदेशातल्या मराठी घरांत हे भांडे असते आणि आपल्याकडेही बहुउपयोगी कुकरमध्ये ही सोय आली आहे. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. लाल राजम्यात ते विशेष भरपूर. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. बहुधा काही तासांत माणूस बरा होतो, पण लहान मुलाला आणि वृद्धाला हा त्रास जड जातो.

हे प्रथिन खळखळ उकळण्याने नष्ट होते. मंद आचेच्या भांड्यात मात्र आतले तापमान पुष्कळदा ७५ अंशांच्या वर जात नाही. तेवढ्या उष्णतेने दाणा मऊ होतो, कच्चेपणा जाणवत नाही, पण विष शिल्लक राहते. ८० अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक, पाचपटीपर्यंत विषारी ठरू शकतो, असेही आढळले आहे. म्हणजे बोटाने दाबून पाहण्याची आपली रोजची परीक्षा येथे निरुपयोगी ठरते.

आपल्याकडे हा त्रास फारसा ऐकू येत नाही, याचे श्रेय रात्रभर भिजवण्याला आणि प्रेशर कुकरला. राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे. नव्या पाण्यात कुकरला लावून नेहमीप्रमाणे पूर्ण शिजवावा. कुकर नसेल तर उघड्या भांड्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेच्या भांड्याची हौसच असेल, तर आधी हा अर्धा तास उकळून मगच त्यात टाकावा. डब्यातला तयार राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याला ही अडचण नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा राजम्याच्याच जातीचा आहे, तेव्हा त्यालाही हाच नियम लावावा.